उद्देशाचा रकाना

डिसेंबरची ३ तारीख. असोद्याच्या शिवारात ऊन कलतंय आणि धूर तुमच्या डोळ्यांत जातोय. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटल्यात. त्यांवर भरताची हिरवी वांगी भाजली जाताहेत, एकेक वांगं दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल न मावेल असं. साल काळी पडते, फुटते, आतली वाफ बारीक शीळ घालत बाहेर येते. सोललेला गर बडजीत पडतो आणि लाकडावर लाकूड बसायला लागतं. ठक, ठक, ठक-ठक. तुमचं बोट मांडीवरच्या फाईलवर नकळत तोच ठेका धरतं.

आज सात जण जमलेत ते भरतासाठी आणि सह्यांसाठी. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला कमीत कमी सात माणसं लागतात. निवृत्त गुरुजी, केळीवाले दादा, भजनी मंडळात पेटी वाजवणारे आबा, लग्नाच्या बँडातला क्लॅरिनेटवाला, अंगणवाडीच्या ताई, विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आणि सातवे तुम्ही. खान्देशच्या गाण्याचा इतिहास जपणारं केंद्र काढायचंय, नफ्यासाठी नव्हे, आणि तेही जळगावात नाही, असोद्यात. आधी धर्मादाय कार्यालयात कागद, मग १९५०च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंद, मग देणगीदारांसाठी आयकराची सवलत. गुरुजींना सगळं पाठ आहे. नावावर दोन बैठका गेल्या तरी ते ठरेल. अडलंय ते उद्देशाच्या रकान्यापाशी. तो कोरा आहे.

दादा म्हणतात, "बहिणाबाईंचा पुतळा पाहिजे. गावात शिरताच दिसला पाहिजे." आबांना सभागृह हवंय, पाचशे खुर्च्यांचं. विद्यापीठातली मुलगी म्हणते, विद्यापीठालाच २०१८पासून बहिणाबाईंचं नाव आहे, जळगावात चौधरी वाड्यातल्या त्यांच्या घरात स्मृती संग्रहालय आहे, त्यांच्या हातातल्या वस्तू तिथे ठेवल्यात. मग आपण इथे काय ठेवायचं? तिच्या प्रश्नावर सगळे गप्प होतात. बडजीचा आवाज तेवढा चालू राहतो.

तारीख मुद्दाम आजची धरलीय. १९५१ साली याच दिवशी कवयित्री बहिणाबाई चौधरी गेल्या. जन्म इथला, या गावचा, १८८०च्या नागपंचमीचा. बाप उखाजी महाजन, माय भीमाई. आपल्याकडे गाण्याचा विषय निघाला की प्रत्येक बोट त्यांच्याकडेच जातं, आणि तुमचंही जातं. पण आज तुम्हाला पहिल्यांदाच एक गोष्ट खटकते. त्यांची गाणी आपण वाचतो. पुस्तक उघडून वाचतो. ती ज्या चालीत निघाली, ती चाल पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे?

शेतातल्या खोलीत कोपऱ्याला एक जुनं जातं आहे. वर खताची रिकामी पोती टाकलेली. तुम्ही पोती बाजूला करता आणि खुंट्याला हात घालता. दारातून आजीमाय ओरडते, "रिकामं फिरवू नको रे बापू! काही तरी घाल त्याच्यात." आणि ओच्यातून मूठभर दादर काढून तुमच्या तळहातावर ठेवते. टपोरे, पांढरे दाणे, रब्बीतली आपली ज्वारी.

तुम्ही मूठ वैरता. खुंटा ओढता. दगड जड आहे, खांद्यातून कळ जाते. एक फेरा, दोन, तीन. खोलीतला बल्ब विझतो.

अंधार आहे. थंडी तीच, पण धुराचा वास वेगळा, शेणीचा. भिंतीला पाठ लागते तेव्हा कळतं की भिंत हातभर जाड आहे, मातीची. धाब्याचं घर. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी एकदाच वाजते. साल १८९०च्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी असेल. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे. तुम्ही कळ दाबता, लाल ठिपका लागतो.

डोळ्यांना काही दिसत नाही आणि ते बरंच आहे, कारण त्यामुळे कान उघडतात. आधी येते घरघर. ती एकसुरी नाही. दगडात नवी मूठ पडली की आवाज खाली उतरतो, भरडा होतो. दाणा संपत आला की वर चढतो, मोकळा होतो. त्या घरघरीवर बाईचा आवाज आहे. घरघर सूर देते आणि बाई तो घेते. पेटी नाही, तंबोरा नाही, दगडच षड्ज धरून बसलाय. ओवीची ओळ फेऱ्याबरोबर पुढे जाते. मधेच तुटते. तुम्हाला वाटतं, विसरली. नाही, तिने हात काढून मूठ वैरली. ओळीत जी जागा सुटली ती मुठीची जागा आहे. पुन्हा खुंटा, पुन्हा ओळ. बांगड्या फेऱ्याच्या एकाच ठिकाणी दर वेळी खळकतात, तबल्यावर सम यावी तशा.

आणि या आवाजाच्या मागे, अर्धी ओळ उशिरा, एक बारीक आवाज आहे. पोरीचा. माय म्हणते ते शेवटच्या शब्दापाशी पकडते, सोडते, पुन्हा पकडते. घरात बहिणाबाई, त्यांचे तीन भाऊ, तीन बहिणी. यातली नेमकी कोण ते अंधारात कळत नाही. पण कुणीतरी शिकतंय. पाटी नाही, पेन्सिल नाही. शिकवणं असं नावही त्याला कुणी दिलेलं नाही. माय दळतेय, पोर मांडीला टेकून बसलीय, बास.

इथे मला थोडं थांबून बोलू द्या. आपण 'निरक्षर कवयित्री' म्हणतो तेव्हा जणू एका रिकाम्या माणसात चमत्कार झाला असं म्हणतो. ते मला कधी पटलं नाही. या अंधाऱ्या खोलीत जे चाललंय ती शाळाच आहे, फार जुनी, फार कडक. तिच्यात वृत्त आहे, ताल आहे, पाठांतर आहे, आणि दुसरीची ओवी ऐकून तिच्यावर आपली रचायची सवय आहे. बहिणाबाईंची प्रतिभा त्यांची स्वतःची, त्यात शंका नाही. पण भाषेचं आणि चालीचं हे पीठ घरोघर दळलं जात होतं, आणि त्या घरांतल्या बाकीच्या बायांची नावंसुद्धा आपल्याकडे नाहीत.

फेरा पुरा होतो. बल्ब लागतो. तुम्ही घाईने रेकॉर्डर पाहता. लाल ठिपका तसाच आहे, आकडा शून्यावर. काही उतरलेलं नाही.

दुसरी मूठ.

या वेळी उजेड आहे. असोद्याहून जळगावकडे जाणारी गाडीवाट, पाच-सहा किलोमीटरची. तुम्ही वऱ्हाडाच्या मागे चालताय. पुढच्या बैलगाडीत तेरा वर्षांची नवरी आहे. नथुजी खंडेराव चौधरींच्या घरी चाललीय. गाडीत पेटी, भांडी, लुगड्यांची बोचकी. ज्याची यादी करता येते ते सगळं गाडीत ठेवलंय. ज्याची करता येत नाही ते तिच्या घशात आहे. मायच्या चाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटलेली गाणी, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत टिपऱ्या वाजवत घरोघर म्हटलेली गुलाबाईची गाणी, श्रावणातल्या कानबाईच्या रोटाची गाणी. गाडीचं चाक खळग्यातून जातं तशी असोद्याची चाल जळगावात शिरते. तिथे सासू आहे, जावा आहेत, शेजारणी आहेत, त्यांनीही आपापल्या गावांहून काही ना काही आणलेलं आहे.

हे बघताना तुम्हाला फाईलमधला नकाशा आठवतो. केंद्राच्या आराखड्यात तुम्ही 'असोदा परिसरातील पारंपरिक संगीत' असं लिहून गावाभोवती एक गोल काढला होता. तो गोल आता खोडा. बायकांचं गाणं गावात राहत नाही, लग्नाबरोबर जातं आणि आखाजीला माहेरी परत येतं, काहीतरी बदलून. म्हणून केंद्राच्या नोंदीच्या कार्डावर 'गाव' असा एकच रकाना चालायचा नाही. माहेर आणि सासर असे दोन हवेत. आणि आणखी दोन: कुणाकडून ऐकलं, आणि कोणतं काम करताना म्हणतात. दळताना, निंदताना, हळद लावताना, पाळणा हलवताना. गाण्याचा प्रकार ठरवायला पंडित नको, काम विचारलं की प्रकार कळतो.

तिसरी मूठ चिमूटभरच पडते, म्हणून १९०७ साल नुसतं ओझरतं दिसतं. एका टेबलावर जाडजूड ग्रंथ. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा नववा खंड, त्याचा तिसरा भाग, आणि त्यात भिल्ली बोलींच्या जोडीला 'खानदेशी'. नमुना म्हणून गावोगावच्या बोलींत उतरवून घेतलीय ती बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट. प्रत्येक बोलीत तीच एक गोष्ट, म्हणजे तुलना करता येते. काम अचाट आहे, मी त्याला कमी लेखणार नाही. पण आपल्या बोलीचा नमुना मागायला आलेल्या कारकुनाला कुणीतरी ओसरीवर बसवून एक ओवी ऐकवायला हवी होती. त्याच साली जळगावात बहिणाबाईंना मुलगा झाला. सोपान.

चौथी मूठ मोठी आहे, सावकाश ओढा.

चौधरी वाडा, जळगाव. बहिणाबाई आता म्हाताऱ्या झाल्यात. तिशीतच नवरा गेला, शेत राखलं, तीन मुलं वाढवली. सोपानदेव आता नावाजलेले कवी आहेत. हातात वही. ते किंवा त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी, दोघांपैकी कुणीतरी लिहून घेतंय. बाई कामात आहे. काम थांबवून, घसा साफ करून 'आता कविता म्हणते' असं काही नाही. ओळ येते, लिहिणारा ती पकडतो, पुढची ओळ येईपर्यंत पेन्सिल धावते.

तुम्ही लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून बघता. हे तुम्हाला जवळून बघायचंच होतं. कागदावर शब्द उतरतोय. बोलीतला शब्द, जसा तोंडातून आला तसा, 'ण'च्या जागी 'न', 'ला'च्या जागी 'ले'. सोपानदेवांनी तो शहरी करून टाकला नाही, यासाठी त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण ओळीच्या शेवटी आवाज जो किंचित वर गेला आणि मग सुटला, त्यासाठी पेन्सिलीकडे खूण नाही. एक अक्षर तिने तीन मात्रा लांबवलं. कागदावर ते एकच अक्षर आहे. मध्ये श्वास घेतला, मध्ये वासराला हाकललं, आणि हाकलतानाही चाल सोडली नाही. यातलं काहीही कागदावर येत नाही. येऊ शकतच नाही.

यंत्र नव्हतं का? होतं. गौहर जानचं गाणं कलकत्त्यात तबकडीवर भरलं गेलं ते १९०२ साली. नाटकातली पदं, मैफलीतली गाणी तबकड्यांवर घराघरांत पोचली. यंत्र होतं, ते घेऊन शेतकरीण बाईच्या जात्यापाशी यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. हे मी कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. सोपानदेव आणि पितांबर यांच्याकडे वही होती आणि ती त्यांनी भरली. ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांना ती बाई ठाऊकच नव्हती.

तुमचा हात खिशात जातो. रेकॉर्डर काढावासा वाटतो, तो तिच्यापुढे ठेवावासा वाटतो, नुसता पाच मिनिटं. लाल ठिपका लागतो. आकडा शून्य.

पुढची वर्षं पटापट जातात. १९५१चा डिसेंबर. सोपानदेवांची वही आचार्य अत्र्यांच्या हातात. १९५२, 'बहिणाबाईंची गाणी' छापून बाहेर, अत्र्यांच्या भरभरून लिहिलेल्या प्रस्तावनेसह, आणि महाराष्ट्र अवाक. १९६१, 'मानिनी' चित्रपट. वसंत पवारांनी त्या शब्दांना चाली दिल्या, रेडिओवरून त्या कोकणापासून विदर्भापर्यंत गेल्या. तुम्ही एका अंगणात उभे आहात, रेडिओ लागलाय, आणि एक मुलगी धुणं वाळत घालताना बरोबरीने गातेय. किती गोड गातेय. असोद्यात आज कुणाही बाईला बहिणाबाईंचं गाणं म्हणायला सांगा, ती हीच चाल म्हणेल. वसंत पवार नसते तर हे शब्द इतक्या लांब गेले नसते. तरी एक गोष्ट खरी: आता ही चाल मूळ चालीच्या जागेवर बसलीय, आणि मूळ चाल कशी होती हे सांगायला मध्ये काही ठेवलेलं नाही.

आजीमाय ओरडून विचारते, "दळलं का रे? भरीत गार व्हतंय." तुम्ही म्हणता, "थांब ना माय, तीन मुठी राह्यल्या."

पाचव्या मुठीला दिशा तुम्हीच ठरवा. हे काम आधी कुणी केलंय, ते बघून येऊ.

धुळे, १९२६चा शेवटचा आठवडा. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबरला धुळ्यातच जातात. आयुष्यभर गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून उतरवलेले कागदपत्रांचे रुमाल मागे राहतात. धुळेकर रडत बसत नाहीत. लगेच १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहतं. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव समर्थ वाङ्मयाची हस्तलिखितं जमवतात, आणि १९३५ साली श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण बैठकीत कुणीतरी म्हणणारच की असली कामं पुण्या-मुंबईची. खान्देशाने कागद जपायला शंभर वर्षांपूर्वीच सुरुवात केली. राहिला तो आवाज.

राजस्थान, बोरुंदा, १९६०. हेही खेडंच. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी इथे रूपायन संस्थान काढलंय. कोठारी लंगा आणि मांगणियार गायकांकडे जातात, ऐकतात, ध्वनिमुद्रण करतात. शहरातून येऊन गोळा करून परत जाणं वेगळं, आणि संस्था खेड्यातच असणं वेगळं. गाणारा संध्याकाळी चालत येतो, आपलंच गाणं ऐकतो, 'हे चुकलं' म्हणतो आणि पुन्हा म्हणून दाखवतो. असोद्यातच का, जळगावात का नाही, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला इथे मिळतं.

आणि पुणे जिल्ह्यातलं एक गाव, १९९०च्या दशकातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ बायांबरोबर बसलेत. गिरणी येऊन जातं कोपऱ्यात गेलंय, बाया ओव्या विसरत चालल्यात, आणि हे दोघं व त्यांचे सहकारी गावोगाव फिरून त्या लिहून घेताहेत. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. मग बर्नार्ड बेल डिजिटल फितीचं यंत्र घेऊन येतात आणि आवाजही उतरतो. पुढे हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळाने जगापुढे ठेवला. त्यांची एक गोष्ट तुम्ही वहीत लिहून घ्या: ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. 'पारंपरिक' असा शिक्का मारून बाई पुसून टाकलेली नाही.

शेवटून दुसरी मूठ तुम्हाला लांब नेत नाही. तुमच्याच घरचा माळा. पत्र्याच्या पेटीत लग्नाचा आहेर बांधलेलं जुनं कापड, आणि त्यात एक कॅसेट. साठ मिनिटांची, दोन बाजू. पाठीवर निळ्या शाईने 'हळद'. तुमच्या आत्याच्या लग्नात कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडवात ठेवला होता. तुम्ही ती उजेडात धरता. फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे, फीत दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडा निखळून आतच लोळतोय.

ती तशीच यंत्रात घालू नका. आधी तुकडा नव्याने बसवायचा, बुरशी साफ करायची, यंत्राचा पट्टा बदलायचा, आणि एकदाच वाजवायची, कारण दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते. त्या एकदाच्या वाजण्यात उतरवून घ्यायची. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे. आपण ९६ घेऊ. एका तासाला दोन जीबीच्या आसपास जागा लागते. म्हणजे हजार तासांना दोन टीबी, तळहातावर मावणारी एक डिस्क. पाचशे खुर्च्यांच्या सभागृहापेक्षा किती लहान, बघा. अर्थात एका डिस्कवर विसंबायचं नाही. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. आणि जळगावचा मे महिना पारा ४५ अंशांवर नेतो, वीज जाते, तेव्हा या फिती आणि डिस्का ठेवायच्या कुठे? आपल्या पूर्वजांनी उत्तर बांधून ठेवलंय: हातभर मातीच्या भिंतीचं, धाब्याचं घर. गावात अजून पडझडीला आलेली अशी घरं आहेत. एक घ्यावं, दुरुस्त करावं. एक खोली फितींची, एक ऐकायची, आणि ओसरीत जातं. वाजतं जातं, दोरी लावून ठेवलेलं नव्हे.

माळ्यावर बसल्या बसल्या तुम्हाला अंगणवाडीच्या ताईंचा प्रश्न आठवतो. त्यांनी तो हळूच विचारला होता. "माझ्या आईचं गाणं तुम्ही घ्याल. मग ते कुणाचं?" हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि संस्थेच्या नियमावलीत त्याला पहिलं पान द्या. लोकगीताला एक कवी नसतो, पण ते गाणाऱ्या गळ्याला मालक असतो. कॉपीराइट कायद्याने गाणाऱ्याला स्वतःच्या गायनावर ५० वर्षं हक्क दिलाय. तेव्हा संमतीचा कागद हवा. तो कारकुनी मराठीत नको, बाईच्या बोलीत हवा, आणि तिला वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवून तिचा होकारही आवाजातच ध्वनिमुद्रित करावा. कुठलं गाणं फक्त बायकांनी ऐकायचं, कुठलं घरातच ठेवायचं, हे तिला ठरवू द्या. उद्या ते कुठे वापरलं आणि पैसे आले, तर ते तिच्या घरी जावेत. आणि तिची एक प्रत तिच्या नातवाच्या मोबाईलमध्ये त्याच दिवशी.

शेवटची मूठ पुढे फिरते.

३ डिसेंबर २०५१. शंभर वर्षं झालीत. असोद्याच्या त्याच रस्त्याने एक बारा-तेरा वर्षांची मुलगी येते. धाब्याच्या घराच्या ओसरीवर चप्पल काढते. भिंतीवर फोटो कमी, नावं पुष्कळ. ती एक नाव शोधते, मग माहेर, मग सासर, मग 'दळताना'. कानाला लावते. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत असता. तिला काय ऐकू येतंय ते तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही जवळ जाता, वाकून स्क्रीनवरची तारीख वाचता. ध्वनिमुद्रणाची तारीख आजची आहे. तुमच्या आजची.

बल्ब लागतो. दगड थांबलाय. पितळी परातीत मूठभरसुद्धा नाही एवढं पीठ पडलंय, जाडंभरडं, भाकरीला न चालणारं. बाहेर सगळे कळण्याच्या भाकरीवर भरीत घेऊन बसलेत, वर हिरव्या कांद्याची पात. तुमची फाईल गुरुजींच्या मांडीवर आहे. तुम्ही उभ्या उभ्या पेन मागता आणि उद्देशाच्या रकान्यात लिहिता: खान्देशात काम करताना, सणाला, लग्नाला आणि देवाला म्हटली जाणारी गाणी, ती म्हणणाऱ्यांच्या आवाजात, त्यांच्या नावाने, माहेर-सासरासह, त्यांच्या संमतीने उतरवून घेणे, जपणे आणि त्यांच्या गावाला परत ऐकवणे.

गुरुजी चष्मा वर करून वाचतात. "'देवाला' मध्ये वहीगायन आलं?" आलं. क्लॅरिनेटवाला विचारतो, बँडाच्या जुन्या चाली? तुम्ही 'वाजवली जाणारी' असं वर घालता. दादा बराच वेळ गप्प असतात. मग म्हणतात, "माझ्या मायले बावीस लग्नगाणी येतात. तिचं वय एक्याऐंशी." आणि सही करतात.

सहा सह्या होतात. सातवी तुमची. पण तुम्ही पेन खिशाला लावता आणि आत जाता. आजीमाय जात्यापाशी पाय पसरून बसलीय, तुमचं जाडंभरडं पीठ बोटांत चोळून बघतेय.

"आजीमाय, तू म्हणतेस का एक?"

"कायले रे बापू. माह्या आवाजात आता काय राह्यलं?"

"जे राह्यलं ते."

"जात्याबिगर आठोत नाही मले."

"मग दळ ना."

ती तुमच्याकडे बघते. पदर खोचते, दादराची मूठ घेते, जात्याच्या तोंडात वैरते. "एकटीनं ओढवत नाही आता," म्हणते. "बस समोर. धर खुंटा."

तुम्ही रेकॉर्डर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवता, तिच्या तोंडापासून हातभर लांब, दगडाच्या बाजूला नाही. कळ दाबता. लाल ठिपका. समोर बसून तिच्या हाताखाली खुंटा धरता. तिची बोटं थंड आहेत, पीठ लागलेली. दगड हलतो, घरघर सुरू होते, आणि ती तोंडातल्या तोंडात सूर लावून बघते. एकदा नाही जमत. पुन्हा. तुम्ही कोनाड्याकडे बघता. आकडा चार सेकंदांवर आहे. पाच. सहा.